ऑर्गनचा श्वास कुणाच्या हाती?

७ डिसेंबर २०२४. पॅरिसमध्ये संध्याकाळचे सात वाजत होते, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. रात्रपाळीच्या उपसंपादकांपुढे वृत्तसंस्थांच्या बातम्यांचा ओघ सुरू होता आणि त्यात एकाच भेटीची चर्चा होती. अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प, युक्रेनचे झेलेन्स्की आणि यजमान मॅक्राँ एकत्र बसले होते. निमित्त होते आगीत होरपळलेले नोत्र दाम कॅथेड्रल पुन्हा उघडण्याचे. बाहेर वादळी वारे सुटल्याने सगळा सोहळा आत हलवावा लागला होता. मथळे राजकारणाने व्यापले होते, आणि त्यात नवल काहीच नव्हते.

त्याच सोहळ्यात आणखी एक गोष्ट घडली. बातम्यांमध्ये तिला जेमतेम एखादे वाक्य मिळाले. पॅरिसचे आर्चबिशप लोरां उल्रिक यांनी पश्चिम दाराच्या वरच्या सज्जाकडे वळून चक्क एका वाद्याला हाक मारली आणि त्याला जागे होण्यास सांगितले. अशा आठ हाका झाल्या आणि आठही वेळा वरून उत्तर आले. ऑलिव्हिए लात्री, व्हँसाँ द्युबुआ, तिएरी एस्केश आणि थिबो फाजोल हे चार वादक आळीपाळीने वाजवत होते. त्यांच्यापुढे लिहिलेली रचना नव्हती. जे वाजले ते त्या क्षणी सुचलेले होते. साडेपाच वर्षांहून अधिक काळ मुका राहिलेला ऑर्गन लोकांसमोर पुन्हा बोलू लागला होता. दूरचित्रवाणी संचाच्या फाटक्या आवाजातूनही त्या खर्जाची जाणीव आमच्या कार्यालयात झाली. टेबलावरचे पेन हलले, असे एक सहकारी नंतर शपथेवर सांगत होते. तेवढी अतिशयोक्ती त्यांना माफ करावी.

गेल्या काही वर्षांत ऑर्गन या वाद्याविषयीच्या बातम्या अशाच तुकड्यातुकड्यांनी आल्या. कुठे आग लागली, कुठे दुकान बंद पडले, कुठे कार्यक्रम उधळला गेला, कुठे तीनशे वर्षांपूर्वीची रचना सापडली. या बातम्या एकमेकींशेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो तो मालकीचा. युरोपातील देवळे रिकामी होत असताना हे वाद्य कुणी सांभाळायचे आणि त्यावर काय वाजवायचे, हे कुणी ठरवायचे?

त्याआधी ऑर्गन म्हणजे काय, याचा खुलासा करणे भाग आहे. मराठी माणसाला 'ऑर्गन' हा शब्द परका नाही. संगीत नाटकाचा पडदा वर जाण्याआधी रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यातून जे सूर येत, ते त्याच नावाच्या वाद्याचे. बालगंधर्वांच्या जमान्यापासून नाट्यपदांना त्या भरदार सुरांची सोबत मिळाली. मात्र तो होता पायाने भाता मारून वाजवायचा रीडचा ऑर्गन, आपल्या पेटीचाच थोरला भाऊ. त्यात पितळेची पातळ रीड हवेने थरथरते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. बासरी, शिट्टी, सनई, तुतारी अशा सगळ्या घराण्यांच्या नळ्या हजारोंच्या संख्येने एका लाकडी पेटाऱ्यावर उभ्या करायच्या, खालून एकसारखा वारा पुरवायचा आणि वाद्यपट्टीवर बोट पडताच त्या त्या नळीचे तोंड उघडायचे, अशी ही योजना. कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस याने पाण्याच्या दाबावर चालणारा पहिला ऑर्गन बनवला, असे मानले जाते. तेव्हा ख्रिस्ती धर्म जन्मालाही आला नव्हता. रोमन साम्राज्यात हे वाद्य आखाड्यांमध्ये, खेळांच्या वेळी वाजे. देवळात ते पुष्कळ नंतर शिरले. पुढे येणाऱ्या वादाच्या दृष्टीने एवढी गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

नोत्र दामच्या ऑर्गनमध्ये सुमारे आठ हजार नळ्या आहेत. हातांनी वाजवायच्या पाच वाद्यपट्ट्या एकीवर एक रचलेल्या, पायांसाठी वेगळी, आणि ११५ खटके. एक खटका ओढला की एका जातीच्या नळ्यांची संपूर्ण रांग जागी होते. दोन ओढले की दोन रांगा एकत्र बोलतात. या जोडण्यांची संख्या मोजण्याच्या पलीकडची आहे. कोणत्या तुकड्याला कोणत्या रांगा द्यायच्या, हा निर्णय वादकाचा. एकच रचना दोन वादकांनी एकाच वाद्यावर वाजवली तरी वेगळी का वाटते, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

सर्वात लांब नळी साधारण ३२ फुटांची असते. तिच्यातून सेकंदाला सुमारे १६ कंपने निघतात. हा सूर कानापेक्षा बसल्या बाकाच्या लाकडातून अधिक कळतो. सर्वात लहान नळी बोटाच्या पेरापेक्षाही लहान. आपल्या वाचकांना खरी गंमत वाटेल ती मधल्या काही रांगांची. तंबोरा उत्तम जुळला असेल तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे जाणकारांना सांगायला नको. षड्जाच्या पोटात पंचम असतो, गंधार असतो. ऑर्गन बांधणाऱ्यांनी हे पोटातले सूर वेगळे काढून त्यांच्या स्वतंत्र रांगा केल्या. मूळ षड्जावर पंचमाची एक बारीक रांग आणि गंधाराची एक रांग ठेवली की कानाला तीन सूर ऐकू येत नाहीत, एकच पण निराळ्या रंगाचा सूर ऐकू येतो. किंचित अनुनासिक, सनईच्या जवळ जाणारा. आपल्याकडे जे कानाने टिपले गेले, ते तिथे शिसे आणि कथील ओतून उभे केले गेले.

या नळ्यांच्या तोंडांना शेवटचा आकार देण्याचे काम जवारी लावण्यासारखेच. हजारो नळ्यांना एकेक करून त्याच जागेत, त्या इमारतीच्या घुमण्याला धरून बोलते करावे लागते. नोत्र दाममध्ये या कामाला २०२४ साल उजाडले. दिवसा गवंडी, सुतार यांचे ठोके चालत, त्यामुळे कारागीर रात्री काम करत. एक जण वाद्यपट्टीवर सूर धरून बसलेला, दुसरा वर नळ्यांच्या जंगलात हातोडी आणि चिमटा घेऊन, असे महिनोन्महिने चालले.

मुळात आगीने या ऑर्गनला जाळले नव्हते. १५ एप्रिल २०१९ रोजी छत कोसळले, मनोरा पडला, पण दोन बुरुजांच्या मधल्या सज्जावर असलेला हा ऑर्गन ज्वाळांतून आणि बंबांच्या पाण्यातूनही बचावला. गाभाऱ्याजवळच्या छोट्या ऑर्गनला पाण्याचा मोठा फटका बसला. मोठ्या ऑर्गनवर बसली ती शिशाची धूळ. छतावर चारशे टनांहून अधिक शिसे होते, त्याची विषारी भुकटी नळ्यांच्या आत, खटक्यांच्या फटीत सगळीकडे गेली. ऑगस्ट २०२० पासून वाद्य उतरवण्यास सुरुवात झाली, नळ्या पेट्यांत भरून फ्रान्समधील वेगवेगळ्या कार्यशाळांत पाठवण्यात आल्या, आणि २०२३ मध्ये त्या परत जागेवर बसू लागल्या. विरोधाभास असा, की ज्या नळ्यांवरची शिशाची धूळ एवढ्या कसोशीने पुसली, त्यांच्या धातूत शिसे असतेच. कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूखेरीज ऑर्गनचा तो सूर मिळत नाही.

या शिशाने एकदा युरोपभरच्या कारागिरांची झोपही उडवली होती. विजेच्या उपकरणांतील घातक पदार्थांवर बंधने आणणारा युरोपीय संघाचा नियम जुलै २००६ पासून लागू झाला. ऑर्गनचा भाता आता विजेच्या पंख्यावर चालतो. मग ऑर्गन हे विजेचे उपकरण ठरते काय, आणि ठरत असेल तर नवा ऑर्गन बांधणे बेकायदा होणार काय? ब्रसेल्समधील बाबूंनी मोबाइल फोन डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम बाखच्या वाद्याला लागू पडू पाहत होता. अखेर २०१७ मध्ये दुरुस्ती करून पाइप ऑर्गनला या नियमातून नाव घेऊन वगळण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीतील ऑर्गन बांधणी आणि ऑर्गनसंगीत यांना युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. एका हाताने सन्मान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने कच्चा माल बंद करायचा, ही वेळ थोडक्यात टळली. युनेस्कोच्या नोंदीनुसार तेव्हा जर्मनीत सुमारे ५० हजार ऑर्गन, ४०० कार्यशाळा आणि २,८०० कारागीर होते. शिकाऊ उमेदवार मात्र १८०. हा शेवटचा आकडा सूचक आहे.

ऑर्गनसंगीत म्हणजे एकच एक धीरगंभीर चर्चसंगीत, हा समज चित्रपटांनी पसरवला. भुताटकीचा वाडा दाखवायचा असेल की ऑर्गन, लग्न दाखवायचे असेल की ऑर्गन! प्रत्यक्षात प्रदेशागणिक हे वाद्य बदलते, आणि वाद्य बदलले की संगीत बदलते. उत्तर जर्मनीत आर्प श्निट्गरने बांधलेले ऑर्गन कडक, स्वच्छ, प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येईल असे. हाम्बुर्गच्या सेंट जेकोबी चर्चमधला त्याचा १६९३ चा, साठ खटक्यांचा ऑर्गन पहिल्या महायुद्धात दर्शनी नळ्या गमावून बसला. त्या वितळवून युद्धसामग्रीसाठी वापरल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात शहाण्या लोकांनी उरलेल्या नळ्या वेळीच हलवल्या. चर्च बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, नळ्या राहिल्या. स्पेनमध्ये तुताऱ्यांसारख्या नळ्या आडव्या, थेट श्रोत्यांवर रोखलेल्या असतात. पोर्तुगालच्या माफ्रा राजवाड्यातील चर्चमध्ये एकाच वेळी वाजवायचे सहा ऑर्गन आहेत. फिलिपिन्समध्ये लास पिन्यास येथे दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८२४ मध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनमध्ये १,०३१ पैकी ९०२ नळ्या चक्क वेळूच्या आहेत. धातू महाग आणि बांबू मुबलक, त्यामुळे त्याने हा मार्ग काढला. हा ऑर्गन १९७० च्या दशकात दुरुस्तीसाठी जर्मनीतील बॉन येथे नेला गेला आणि परत येऊन अजूनही वाजतो. त्याचा गोडवा आपल्या कानाला परका वाटू नये. शेवटी ती बासरीच.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात आरिस्तीद कावाय-कोल या कारागिराने ऑर्गनचे रूपच पालटले. एका वादकाच्या हाती संपूर्ण वाद्यवृंद द्यायचा, सूर हळूहळू फुलवता आणि मिटवता यायला हवा, हे त्याचे उद्दिष्ट. नोत्र दामचा ऑर्गन त्याने १८६८ मध्ये नव्याने उभा केला. सेझार फ्रांक, विदॉर, लुई व्हिएर्न यांचे संगीत या वाद्यांशिवाय संभवलेच नसते. व्हिएर्न जवळजवळ अंध होता. १९०० पासून त्याने नोत्र दामची गादी सांभाळली आणि २ जून १९३७ रोजी कार्यक्रम सुरू असताना त्याच वाद्यपट्टीपुढे त्याने प्राण सोडला.

याच पॅरिसमध्ये, त्याच काळात आणखी एक वाद्य जन्मले. १८४२ मध्ये अलेक्सांद्र दबँ याने हार्मोनिअमचे पेटंट घेतले. देवळातला ऑर्गन परवडत नाही त्यांच्यासाठी घरगुती, स्वस्त पर्याय, अशी त्याची जाहिरात करण्यासारखी स्थिती होती. ते जहाजातून हिंदुस्थानात आले, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताच्या भात्याचे रूप दिले आणि पुढचा इतिहास आपल्या घरादारांत आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये या पेटीला परकी ठरवून बाहेर काढले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिला दार बंद होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांच्या महाराष्ट्राला हे कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते. परके वाद्य आपले केव्हा होते आणि ते कुणी ठरवायचे, हा वाद आपणही अनुभवलेला आहे.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये १९३१ पासून साठेक वर्षे ऑर्गन वाजवणारा ऑलिव्हिए मेसियां हा विसाव्या शतकातील श्रेष्ठ रचनाकारांपैकी एक. तरुणपणी एका फ्रेंच संगीतकोशात त्याला शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तील १२० देशी तालांची यादी सापडली आणि त्याचा लयविचारच बदलला. १९३५ मधील ख्रिस्तजन्मावरच्या त्याच्या नऊ ऑर्गनरचनांमध्ये 'रागवर्धन' तालाचा वापर आहे, आणि त्याने तो लपवलेला नाही. शार्ङ्गदेवाने हा ग्रंथ तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीत लिहिला. म्हणजे आजचे दौलताबाद. किल्ला पाहायला जाणाऱ्या हजारो पर्यटकांना हे कुणी सांगत नाही, आणि तिथे तसा फलक लावावा असे आमच्या सांस्कृतिक खात्यालाही कधी वाटलेले दिसत नाही.

इतका विस्तार असलेल्या या संगीताचा साठाही अजून पुरता मोजलेला नाही. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी जर्मनीत लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये टॉन कूपमन यांनी दोन ऑर्गनरचना वाजवल्या. त्या अठरा-वीस वर्षांच्या योहान सेबास्टियन बाखच्या असल्याचे जाहीर करण्यात आले. लाइपझिगच्या बाख संग्रहालयाचे पीटर वोल्नी यांना ही हस्तलिखिते १९९२ मध्येच ब्रसेल्सच्या ग्रंथालयात दिसली होती. कर्त्याचे नाव नव्हते. अक्षर कुणाचे, हे निश्चित करण्यात तीन दशके गेली. अखेर १७०५ च्या सुमारास बाखच्याच एका शिष्याने ती नक्कल केल्याचे सिद्ध झाले. त्याच १७०५ साली बाख आपल्या नोकरीतून चार आठवड्यांची रजा घेऊन आर्नश्टाटहून लुबेकला निघाला होता. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, प्रवास पायी, उद्देश एकच, बुक्स्टेहूडचा ऑर्गन ऐकणे. रजा चार आठवड्यांची, परतला चार महिन्यांनी. वरिष्ठांनी खरमरीत जाब विचारला, हे ओघानेच आले. गुरूच्या शोधात वणवण करणाऱ्या गवयांच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हा बाख ओळखीचा वाटेल.

आता मूळ प्रश्नाकडे. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने धर्म आणि शासन यांची फारकत झाली. तेव्हापासून कॅथेड्रलांची मालकी सरकारची, गावातील जुन्या चर्चची मालकी बहुतांशी तिथल्या नगरपालिकेची, आणि वापराचा हक्क चर्चचा. ऑर्गनही त्यात आला. म्हणजे दुरुस्तीचा खर्च करदात्यांच्या पैशातून आणि कार्यक्रमाला परवानगी धर्मगुरूची. एरवी हे गुण्यागोविंदाने चालते. पण डिसेंबर २०२१ मध्ये नांत येथे स्वीडनची गायिका-वादक आना फॉन हाउस्वोल्फ हिचा ऑर्गनचा कार्यक्रम सनातनी कॅथलिक निदर्शकांनी चर्चचे दार अडवून होऊ दिला नाही. तिच्या एका गीतात सैतानाचा उल्लेख आहे, ही तक्रार. मे २०२३ मध्ये कार्नाक येथे काली मॅलोन हिच्या कार्यक्रमाची तीच गत झाली. मॅलोनच्या संगीतात आक्षेप घेण्यासारखे शब्दच नाहीत. दीर्घ, संथ, जवळजवळ न हलणारे सूर आहेत. दोन्ही ठिकाणी चर्चने रीतसर परवानगी दिली होती, हे महत्त्वाचे. म्हणजे आक्षेप घेणारे चर्चच्याही वर जाऊन धर्माचे रक्षण करत होते.

श्रद्धास्थानात काय वाजावे याविषयी तिथल्या भाविकांना बोलण्याचा हक्क नाही, असे कुणी म्हणणार नाही. आपल्याकडेही देवळातल्या गाण्याचे संकेत आहेत आणि ते पाळले जातात. परंतु ज्या वाद्याचा जन्म देवळाबाहेर झाला, जे सार्वजनिक पैशावर उभे आहे, आणि ज्याच्यासाठी नवे संगीत लिहिणारे हातावर मोजण्याइतके असतात, त्याचे दार झुंडीने बंद करायचे, हे या वाद्याच्या मुळावर येणारे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत अनेक ऑर्गन मोडून धातू विकला गेला. जे वाचले त्यांपैकी काही वाचले ते वादकांनी त्यावर क्रांतीची गाणी वाजवली म्हणून. क्लोद बाल्बात्र या नोत्र दामच्या वादकाने १७९२ मध्ये 'मार्सेयेझ'वर रचना केली होती. त्या काळच्या भाविकांना ते कसे वाटले असेल?

दुसरा धोका झुंडीचा नाही, ओहोटीचा आहे. जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटनमध्ये उपासकांची संख्या घटत चालली आणि चर्च विकली जाऊ लागली. इमारतीचे ग्रंथालय होते, सदनिका होतात. ऑर्गनचे काय? जुन्या ऑर्गनांचा बाजार आहे. पोलंडसारख्या देशांतील चर्चनी पश्चिमेकडचे ऑर्गन नेऊन पुन्हा उभे केले. पण ऑर्गन हा त्या विशिष्ट दगडी भिंतींना धरून बोलता केलेला असतो. दुसऱ्या इमारतीत तो तोच राहत नाही. शिवाय न वाजणारा ऑर्गन फार लवकर बिघडतो. चामडे सुकते, लाकूड तडकते, ओलीने बुरशी धरते. मुंबईत फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या ठिकाणी ऑर्गन आहे, तिथे चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही दमट हवा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

देवळाबाहेर ठेवला म्हणजे ऑर्गन सुरक्षित, असेही नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका कापडचोपडाच्या भव्य दुकानात जगातील सर्वात मोठ्या ऑर्गनांपैकी एक आहे. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो बांधला गेला. व्यापारी जॉन वानामेकर याने तो विकत घेऊन मालगाडीच्या १३ डब्यांतून आणला आणि १९११ मध्ये दुकानाच्या मध्यवर्ती दालनात वाजवला. पुढे त्यात भर पडत जाऊन नळ्या २८ हजारांवर गेल्या. गिऱ्हाइके पायमोजे निवडत असताना वरून बाख ऐकू येई, तोही फुकट, तोही दररोज. मार्च २०२५ मध्ये ते दुकान बंद झाले. शेवटच्या दिवशी लोकांनी गर्दी केली ती खरेदीसाठी कमी आणि ऑर्गनसाठी जास्त. त्याच वर्षी तिथल्या ऑपेरा संस्थेने रिकाम्या दालनात कार्यक्रम सुरू केले. व्यापार गेल्यावर वाद्य एकटे किती टिकते, याची ही परीक्षाच आहे.

श्रोता उरलेला नाही, ही तक्रार मात्र खरी मानता येत नाही. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' चित्रपटात हान्स झिमर याने अंतराळाच्या पोकळीसाठी निवडले ते लंडनच्या टेम्पल चर्चमधील ऑर्गनचे सूर, आणि चर्चचे तोंड न पाहिलेल्या पिढीने ते डोक्यावर घेतले. इंग्लंडची अॅना लॅपवुड ही तरुण वादक रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मध्यरात्रीनंतर सराव करतानाची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकत असे. तिला लाखोंनी पाहिले. २०२५ मध्ये त्याच सभागृहाने तिला आपली अधिकृत वादक नेमले आणि ऑगस्टमध्ये तिने आखलेली मैफल रात्री सुरू होऊन सकाळपर्यंत चालली. आपल्याकडे दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या नियमाने रात्रभराच्या मैफली जवळजवळ इतिहासजमा झाल्या. लंडनमध्ये त्या बंद सभागृहात का होईना, पुन्हा होत आहेत. जुन्या जाणकारांनी लॅपवुडच्या चित्रपटगीतांवर नाके मुरडली. मुरडू द्यावीत. पेटीवर सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांनीही याहून वेगळे काय ऐकले?

घाई नसलेले श्रोतेही आहेत. जर्मनीच्या हाल्बरश्टाट गावात जॉन केज याची एक ऑर्गनरचना ६३९ वर्षांत पूर्ण करण्याच्या बेताने २००१ मध्ये सुरू झाली. आरंभीच दीड वर्षांचे मौन होते, पहिला सूर निघाला फेब्रुवारी २००३ मध्ये. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यात एक सूर वाढला तेव्हा लोक दूरदुरून आले होते. त्यापुढील बदलासाठी ५ ऑगस्ट २०२६ ही तारीख नेमलेली आहे आणि समाप्ती २६४० मध्ये. काहींना हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. प्रस्तुत लेखकालाही सुरुवातीला तसेच वाटले होते. पण सहा शतके कुणीतरी भाता चालू ठेवील, हे गृहीत धरण्याचे धाडस आजच्या कोणत्या सरकारी योजनेत आहे?

नोत्र दामला पैशाची ददात पडली नाही. सुमारे १५० देशांतील ३ लाख ४० हजार देणगीदारांनी ८४ कोटी ६० लाख युरो दिले. हे भाग्य नांतच्या वाट्याला आले नाही. तिथल्या कॅथेड्रलचा १६२१ मधला ऑर्गन राज्यक्रांतीतून वाचला, दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यातून वाचला, १९७२ मध्ये छत जळाले तेव्हाही वाचला. १८ जुलै २०२० रोजी पहाटे तिथल्याच एका स्वयंसेवकाने लावलेल्या आगीत तो काही तासांत राख झाला. त्या माणसाला २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा भिंती धुतलेल्या होत्या, दगड पांढराशुभ्र दिसत होता. पश्चिमेकडच्या सज्जावर, जिथे चारशे वर्षे नळ्यांच्या रांगा उभ्या होत्या, तिथे मोठा ऑर्गन नव्हता.